बारा बरोबर बारा

“आलं!” असं म्हणून यमुनाताईंनी वही माझ्याकडे सरकवली. “सात बरोबर सात.”

मी वही पाहिली. एक्स अधिक वाय बरोबर सात, हे पहिलं समीकरण. त्यावरून वाय म्हणजे सात वजा एक्स, हे त्यांनी नीट काढलं होतं. आता वायची ही किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवायची, म्हणजे तिथं एकटा एक्स उरतो आणि सापडतो. यमुनाताईंनी ती किंमत उचलली आणि जिथून काढली होती त्याच पहिल्या समीकरणात परत ठेवली. एक्स अधिक सात वजा एक्स बरोबर सात. एक्समधून एक्स गेला आणि खाली ठळक अक्षरांत, दोन रेघा मारून, सात बरोबर सात.

“बरोबर हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहे की. म्हैस म्हणजे म्हैस, हेही बरोबर आहे. पण एक्स किती?”

“त्यो न्हाई घावला.”

“त्याच्यासाठीच तर बसलोय आपण!”

आणि मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण समोर एवढं अज्ञान आणि आपल्याजवळ एवढं ज्ञान असं असताना ते एकट्यानं कसं भोगायचं? मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, “आई, ऐकलंस का? यमुनाताईंनी शोध लावलाय. सात बरोबर सात!”

आई बाहेर आली नाही. यमुनाताई हसल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, “उद्या करते, सर.”

मला सर म्हणणारी जगातली ती पहिली व्यक्ती. तोवर मी कुणाचाही सर नव्हतो. २००३ सालचा मे महिना होता, मी चोवीस वर्षांचा, बीएस्सी बीएड, गणितात पहिला वर्ग, आणि दिवसभर घरी. नांदणवाडीच्या हायस्कुलात गणिताची एक जागा निघाली होती. पंचवीस जूनला मुलाखत. ती हुकली तर सांगलीत मामाच्या हळदीच्या गोदामात जायचं, असं घरात ठरलेलं. तिथं पोत्यांवर ब्रशनं नंबर टाकायचं काम होतं. मामा म्हणाला होता, “गणित झालंय नव्हं त्याचं, मग नंबर चुकायचा नाही.” हे वाक्य आठवलं की माझं जेवण कमी व्हायचं.

यमुनाताई गुरव आमच्याच गल्लीत राहायच्या. वय छत्तीस. नवरा देवळाचं बघायचा. त्या हायस्कुलात रोजंदारीवर होत्या: पाणी भरायचं, पाचवीच्या पोरांची खिचडी शिजवायची, शिक्षकांचा चहा करायचा. नववीतून लग्न झालं म्हणून सुटलेली शाळा त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून परत धरली होती. दहावीचे बाकी विषय सुटले होते, गणित तेवढं दोनदा राहिलं होतं. शाळेतले प्रयोगशाळा परिचर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि दहावी झालेली असेल तर ती जागा यमुनाताईंना द्यायचं मुख्याध्यापक मुल्ला सरांनी कबूल केलं होतं. ऑक्टोबरची परीक्षा ही शेवटची संधी. आईनं मला सांगितलं, “तू बसूनच असतोस. शिकव तिला.”

मी शिकवत होतो. खरं सांगायचं तर मी स्वतःला ऐकत होतो. मुलाखतीत पाठ घ्यावा लागणार होता आणि सरावाला समोर कुणीतरी लागतं. कपाटाचा आरसा प्रश्न विचारत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. बजरंगच्या सायकल दुकानासमोर ग्रामपंचायतीनं बांधलेला कट्टा होता. गावातली माहिती तिथं गोळा व्हायची आणि तिथूनच वाटली जायची. मी सगळ्यांना एक्स आणि वायची गोष्ट रंगवून सांगितली. यमुनाताई कशा बसतात, पेन्सिल कशी ओली करतात, “आलं!” कसं म्हणतात, सगळं करून दाखवलं. बजरंगच्या हातातला पंक्चरचा रबर हसून हसून खाली पडला. इतकं यश मला बीएडच्या एकाही पाठाला मिळालं नव्हतं.

चार दिवसांत ते गावभर झालं. गिरणीत दळण ठेवलं तरी कुणीतरी विचारायचं, “काय यमुनाबाई, सात बरोबर सात का?” जूनमध्ये शाळा उघडली तशी पाचवीची पोरं खिचडीच्या रांगेत ताटल्या वाजवत तेच म्हणू लागली.

यमुनाताई यायच्या थांबल्या.

“का येत नाही ती?” आईनं विचारलं.

“त्यांच्या डोक्यात शिरत नाही, आई. काहींच्या नाहीच शिरत.”

मी पंचवीस जूनच्या तयारीला लागलो.

मुलाखतीला आम्ही सात उमेदवार होतो. संस्थेची पद्धत अशी की मुलाखत दोन मिनिटांची आणि पाठ दहा मिनिटांचा. दहावी अ चा वर्ग, आणि सर्व उमेदवारांना घटक एकच, म्हणजे कुणावर अन्याय नको. घटक होता: एकसामयिक समीकरणे, एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवून सोडवणे. मी मनातल्या मनात उडी मारली. हाच तर घटक मी महिनाभर घोटला होता.

माझा नंबर पाचवा होता. व्हरांड्यात बाकावर बसलो असताना वर्गातून काही शब्द कानावर येत होते, पण मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांचे पाठ ऐकून आपली मौलिकता बिघडते, असं माझं तेव्हा मत होतं.

वर्गात शिरलो. मागच्या बाजूला तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब, पांढरी टोपी, डोळे अर्धे मिटलेले. डावीकडे मुल्ला सर. उजवीकडे तालुक्याहून आलेल्या विषयतज्ज्ञ जोगळेकर बाई. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मांडीवर वही आणि हातात टोपण काढलेलं पेन.

मी खडू घेतला, वळलो आणि पुस्तकातलं पहिलं उदाहरण फळ्यावर लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर चौदा. एक्स वजा वाय बरोबर चार.

“तर मुलांनो,” मी म्हणालो, “आता आपण एक्सचा शोध—”

“एक्स नऊ, वाय पाच!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

माझ्या आधीच्या चारही जणांनी हेच उदाहरण घेतलं होतं. तेही मौलिक होते.

तात्यासाहेबांनी डोळे उघडले. “हुशार आहे की वर्ग!”

“खोत सर,” जोगळेकर बाई म्हणाल्या, “पुस्तकातलं राहू द्या. तुमच्या मनानं एक घ्या. जरा गुणक असलेलं.”

माझ्या मनात त्या क्षणी हळदीची पोती होती. तरी एक्सला पाच आणि वायला दोन मनाशी धरून मी दोन समीकरणं जुळवली, हे आजही मला कौतुकाचं वाटतं. फळ्याच्या डाव्या अंगाला लिहिलं: दोन एक्स अधिक वाय बरोबर बारा. उजव्या अंगाला लिहिलं: तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर एकोणीस.

मग डावीकडे आलो. “पहिल्या समीकरणावरून वाय बरोबर काय? बारा वजा दोन एक्स. आता ही किंमत आपण ठेवू.” आवाज छान लागला होता. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि ते चांगलंच असणार अशी माझी खात्री होती. माझं निम्मं लक्ष त्यांच्या पेनाकडे. हात आपला जिथं होता तिथंच, डावीकडेच, खाली खाली लिहीत गेला. दोन एक्स अधिक, कंसात बारा वजा दोन एक्स, बरोबर बारा.

“दोन एक्समधून दोन एक्स गेले,” मी ठासून म्हणालो, “आणि आलं...”

आलं ते मी लिहिलंसुद्धा. बारा बरोबर बारा. खाली सवयीनं दोन रेघाही मारल्या.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि काळजीच्या आवाजात विचारलं, “सर, एक्स कुठं गेला?”

मी फळ्याकडे पाहिलं. काय झालंय ते मला कळेना. म्हणजे, चूक आहे हे कळत होतं, पण कुठं आहे हे कळत नव्हतं. महिनाभर दुसऱ्याच्या वहीत जी मला दुरून दिसायची, ती स्वतःच्या अक्षरात हातभर अंतरावरून दिसेना. कान तापले. मी डस्टर उचललं आणि खाली ठेवलं.

“बारा बरोबर बारा,” तात्यासाहेब म्हणाले. “बरोबर आहे की!”

मुल्ला सर खोकले. जोगळेकर बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लागताना जो टक्क आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. दारात यमुनाताई उभ्या होत्या, दोन्ही हातांत चहाचा ट्रे धरून. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या फळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

संपलं, असं मला वाटलं. त्यांनी एकच शब्द उच्चारायचा होता. सात. नाहीतर नुसतं हसायचं होतं. पोरांना ते माहीत होतंच, बाकीचं काम त्यांनीच केलं असतं. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. हसलोच होतो.

“सर मुद्दाम चुकलेत, साहेब,” यमुनाताई म्हणाल्या.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

“पोरं जागी हायत का बगाय. मला शिकवताना बी असंच करत्यात. आपण चुकायचं आनि म्होरल्यानं वळखायचं.”

“हो का?” जोगळेकर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग तुम्हाला ओळखता आली चूक?”

“व्हय की.” हात गुंतलेले असल्यामुळे त्यांनी हनुवटीनं फळ्याची डावी बाजू दाखवली. “ह्या पातेल्यातलं काढलं आनि परत ह्याच पातेल्यात वतलं. मग जेवढ्याला तेवढंच ऱ्हानार. त्या पातेल्यात वताय पायजे.” आणि हनुवटी उजवीकडे गेली, एकोणीसकडे.

माझ्या डोक्यात उजेड पडला. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हाच कळलं. तीन वर्षं बीएस्सीला आणि एक वर्ष बीएडला जाऊन मला कुणी हे पातेल्यानं सांगितलं नव्हतं. महिनाभर मी यमुनाताईंना “दुसऱ्या समीकरणात ठेवा, दुसऱ्या समीकरणात” असं ओरडत होतो, पण का, ते सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते घरी बसून एकटीनं शोधलं होतं.

“सर, दुसऱ्यात ठेवा!” पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली आणि मागून चार-पाच जणांनी तेच उचललं.

यानंतर मी जे केलं ते केवळ निर्लज्ज माणसालाच जमतं. मी मंद हसलो, हात मागे बांधले आणि म्हणालो, “शाब्बास! मी वाटच बघत होतो, कोण सांगतंय याची.”

मग उजवीकडे गेलो. तीन एक्स अधिक चोवीस वजा चार एक्स बरोबर एकोणीस. एक्स पाच, वाय दोन. दोन्ही समीकरणांत किमती घालून ताळा करून दाखवला. बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

“चांगली पद्धत आहे,” त्या मुल्ला सरांना म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेतानं. “चूक मुलांकडून काढून घ्यायची. आणि चहा करणाऱ्या बाईंपर्यंत पोचवलंय, हे विशेष.”

तीन वाजता व्हरांड्यात यादी लागली. माझं नाव.

मी शाळेमागच्या खिचडीच्या शेडमध्ये गेलो. यमुनाताई मोठं पातेलं आडवं करून राखेनं घासत होत्या. मी काय बोलावं ते मनाशी जुळवत उभा राहिलो आणि शेवटी भलतंच बोललो.

“ताई, पातेल्याचं छान सांगितलंत.”

“घावलं मला,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुमच्याकडं यायचं बंद केलं, मंग घावलं.”

“तुम्ही खोटं का बोललात?”

“मंग काय बोलाय पायजे हुतं?”

त्यांनी पातेलं उपडं केलं आणि पदराला हात पुसले.

“तुमचे कान बगितले, सर. लालभडक झालं हुतं. गिरणीत मला पयल्यांदा इचारलं, तवा माझं बी असंच झालं आसंल, आसं वाटलं. त्या दिवशी तितं कोनतरी पायजे हुतं की नको, यमुना मुद्दाम चुकली म्हनाय? कोन न्हवतं.”

मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी पायाच्या नखापर्यंत. मी म्हणालो, “चुकलो, ताई. उद्यापासून या. ऑक्टोबरला तुम्हाला पास करणं माझ्याकडं लागलं.”

“येते. पर एक हाय.” त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “माजं कट्ट्यावर सांगितलासा, तसं ह्ये बी सांगायचं. बारा बरोबर बारा. तितंच, त्या बजरंगच्या म्होरं.”

“सांगतो,” मी म्हणालो. “आजच सांगतो.”

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण नेमणुकीचं पत्र अजून हातात नव्हतं. पत्र जुलैमध्ये आलं. पण मग शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता यायची होती, ती येईपर्यंत कुणी उलटसुलट ऐकलं तर? मान्यता आली. पण तेव्हा शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढल्याशिवाय कायम करत नसत. तीन वर्षांनी कायम झालो. तोवर फारच उशीर झाला होता, कारण तोवर मी प्रसिद्ध झालो होतो.

त्याचं असं झालं की मुल्ला सरांनी पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या बैठकीत सांगून टाकलं, “खोत सर मुद्दाम चुकतात. पद्धत बघण्यासारखी आहे.” आता मुद्दाम चुकणं भाग आलं. रोज सकाळी अंघोळीच्या आधी मी आजची चूक तयार करायचो. खरी चूक करणं सोपं असतं, मुद्दाम करायची म्हटली की डोकं लागतं. पण या पद्धतीचा एक फायदा असा की खऱ्या चुकाही तिच्यात खपून जातात. वर्षाला दोन-तीन खऱ्या व्हायच्या. पोरं ओरडली की मी हात मागे बांधायचो आणि म्हणायचो, “शाब्बास! मी वाटच बघत होतो.” पुढे ‘रोज एक चूक’ या नावानं मी त्यावर अठ्ठावीस पानांचा अहवाल लिहिला आणि तालुक्याच्या नवोपक्रम स्पर्धेत पहिला आलो. अहवालात पद्धतीचा उगम या मथळ्याखाली मी लिहिलं होतं: ‘प्रदीर्घ चिंतनातून’.

यमुनाताई मात्र दुसऱ्याच दिवसापासून यायला लागल्या होत्या. या वेळी मी हसलो नाही. त्यांनी चुकलेलं प्रत्येक उदाहरण मी आधी स्वतः चुकून पाहायचो, म्हणजे कुठं पाय घसरतो ते कळायचं. ऑक्टोबरला त्या दीडशेपैकी अठ्ठावन्न गुण मिळवून गणितात सुटल्या. पेढे घेऊन घरी आल्या, आईच्या पाया पडल्या आणि दारातून जाताना मला हळूच म्हणाल्या, “कट्ट्यावर सांगितलं का?”

“सांगतो, ताई.”

पुढच्या जूनमध्ये त्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या. परीक्षानळ्या पुसत, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत त्यांनी तिथं एकवीस वर्षं काढली. दरवर्षी दहावीला मी तो धडा सुरू केला की दुपारी प्रयोगशाळेच्या दारातून विचारायच्या, “आज किमती ठेवायचा धडा घेतलासा, न्हवं?” एवढंच. मी म्हणायचो, “सांगतो, ताई.” कट्टा शाळेपासून पाच मिनिटांवर होता. एवढं अंतर चालायला मला बावीस वर्षं लागली, आणि तेही सरळ गेलो नाही.

गेल्या मे महिन्यात यमुनाताई निवृत्त झाल्या. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ. तात्यासाहेबांच्या जागी आता त्यांचे चिरंजीव अध्यक्ष आहेत, मुल्ला सरांच्या जागी कांबळे मॅडम. मी पर्यवेक्षक. यमुनाताई स्टेजवर शाल पांघरून बसल्या होत्या. भाषणं चालू होती आणि दर दुसरा वक्ता सांगत होता की यमुनाताई खोत सरांनी घडवलेल्या. माझ्याच समारंभाला आल्यासारखी पोरं माझ्याकडे बघत होती. मला तिथं बसवेना.

माझी पाळी आली. मी माइक धरला आणि सगळं सांगून टाकलं. सात बरोबर सात, कट्टा, गिरणी, बारा बरोबर बारा, माझे लाल कान, दारातला चहा. म्हणालो, “मी मुद्दाम चुकलो नव्हतो. मला खरोखर कळलं नव्हतं. यांनी माझी नोकरी वाचवली आणि मी बावीस वर्षं यांच्या खोट्यावर पुरस्कार घेतोय.”

मग टाळ्यांचा कडकडाट. माजी विद्यार्थी उठून उभे राहिले. कांबळे मॅडम डोळे पुसत माइकवर आल्या. “एवढा मोठा शिक्षक, पण नम्रता बघा! परिचर भगिनीला मोठेपणा द्यायला स्वतःकडे कमीपणा घेतला. आणि मुलांनो, ओळखलंत ना? सरांनी भाषणातसुद्धा आपली पद्धत सोडली नाही. मुद्दाम चूक केली!”

सभागृह हसलं. पुन्हा टाळ्या. मी हात जोडून “अहो, खरंच” म्हणालो, तर त्यालाही टाळ्या पडल्या. घामाघूम होऊन मी यमुनाताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

“सांगितलं, ताई,” मी कुजबुजलो. “पण कुणाला पटेना.”

त्या शालीत हसत होत्या. “कसं पटंल, सर? हितं समदे तुमास्नी मोठं म्हननारेच बसल्यात. परत त्याच पातेल्यात वतलासा.”

समारंभ संपल्यावर मी घरी गेलो नाही. हार स्टाफरूममध्ये काढून ठेवला आणि चालत कट्ट्यावर गेलो. सायकलचं दुकान आता मोबाइल दुरुस्तीचं झालं आहे, ते बजरंगचा मुलगा चालवतो. बजरंग कट्ट्यावर बसलेला असतो, गुडघ्याला पट्टा बांधून. आजूबाजूला सात-आठ जण होते. मी आयुष्यात एकदाही त्यांना गणित शिकवलं नव्हतं, आणि मला मोठं म्हणायचं त्यांच्यावर काही बंधन नव्हतं.

“बजरंग, तुला यमुनाताईंचं सात बरोबर सात आठवतंय?”

“म्हंजे काय! तूच करून दावलं हुतंस की.”

“आता माझं बघ,” मी म्हणालो आणि उभा राहून सगळं करून दाखवलं. आवाज छान लागलेला कसा, दोन रेघा कशा मारल्या, डस्टर कसं उचललं आणि खाली ठेवलं, तात्यासाहेब कसे “बरोबर आहे की” म्हणाले. शेवटी हात मागे बांधून “मी वाटच बघत होतो” म्हणालो.

बजरंगनं माझ्याकडे बघितलं. “आयला,” तो म्हणाला, “म्हंजे तुला येतच न्हवतं?”

“नव्हतं.”

“आनि तू आमच्या पोराला दहावीला शिकवलंस?”

“शिकवलं.”

कट्टा जो हसला! एक जण तर हसता हसता खाली उतरून उकिडवाच बसला. बजरंगनं दुकानातल्या मुलाला हाक मारली, “आरं, भाईर ये, तुजं सर काय सांगतायत ऐक!” मला पुन्हा पहिल्यापासून करून दाखवावं लागलं. माझे कान तापले होते. या वेळी कुणीही म्हणालं नाही की सर मुद्दाम चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो. गिरणीपाशी दोन पोरं सायकलवरून गेली. पुढे जाऊन त्यातला एक वळला आणि ओरडला, “बारा बरोबर बारा!” दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

यमुनाताई त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी थांबलो. बावीस वर्षं विचारत आलेला प्रश्न त्यांनी विचारला नाही. सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, “बसा, सर. च्या टाकते.”